ठकूबाईची रिकामी गाडी

फार वर्षांमागे एका नगरात माणसांपेक्षा गाड्याच जास्त झाल्या होत्या.

नगर होतं टेकडीवर आणि बाजार होता नदीपलीकडे. मधे एकच दगडी पूल. पूर्वी लोक चालत बाजारात जायचे. मग बरे दिवस आले. कोणी छकडा घेतला, कोणी घोडागाडी घेतली. शेजाऱ्याने घेतली म्हणून त्याच्या शेजाऱ्याने घेतली. होता होता घरटी एक गाडी झाली, मोठ्या घरांत दोन-दोन झाल्या. उजाडलं की प्रत्येक जण आपापली गाडी जुंपायचा, तीत एकटाच बसायचा आणि पुलाकडे निघायचा. पुलावर बैलांची शिंगं पुढच्या गाडीत अडकायची, घोडे बिथरायचे, धुळीनं डोळे चुरचुरायचे. चालणाऱ्याला तर पाऊल टाकायला जागा उरली नव्हती.

राजाने उपाय करून पाहिले. आधी दवंडी पिटली, “गरज नसेल त्याने गाडी बाहेर काढू नये.” प्रत्येकाने ती ऐकून मान डोलावली आणि शेजाऱ्याकडे पाहिलं. मग हुकूम निघाला, “गाडीत एकटाच माणूस असेल तर पुलावर सोडणार नाही.” दुसऱ्या दिवसापासून लोक म्हाताऱ्या आत्याला सोबत बसवून न्यायला लागले. आत्याबाई दिवसभर दुकानात जांभया देत बसायच्या. शेवटी राजाने पूल गाड्यांना बंदच केला. फक्त अगदी निकडीच्या गाडीला लाल फडकं बांधून जाऊ द्यायचं ठरलं. महिना झाला नाही, तोवर लाल फडकं नसलेली गाडी शोधून सापडेना.

या नगरात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. ती आणि तिचा नवरा रानातून गवत आणून घरोघर पोचवायचे. त्यांची एक जुनी बैलगाडी होती आणि हौशा व सारंग अशी बैलांची जोडी होती.

एका सकाळी गवताच्या पेंढ्या उतरवताना तिच्या नवऱ्याला नाग चावला. वैद्य राहायचा नदीपलीकडे. ठकूबाईने नवऱ्याला गाडीत निजवलं आणि बैल पिटाळले. पुलाशी येते तर गाड्यांची रांग लागलेली.

“वाट द्या हो! माणूस जातोय माझा!” ती ओरडली.

पुढच्या गाडीतला माणूस वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई, मी तरी कुठे सरकू? माझ्यापुढेही गाड्याच आहेत.”

त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. त्याच्याही पुढचा तेच म्हणाला. शेवटी चार माणसं खाली उतरली, त्यांनी आजाऱ्याला खांद्यावर घेतलं आणि गाड्यांच्या चाकांमधून वाट काढत ती पलीकडे पोचली. वैद्याने नाडी धरली आणि हळूच हात खाली ठेवला.

तेरावा झाला. भेटायला येणारा जो तो राजाला बोल लावत होता. कोणी म्हणे, पूल रुंद करायला हवा होता. कोणी म्हणे, पहारेकरी झोपा काढतात. ठकूबाई मनात म्हणत होती, पुलावर दुष्ट कोणीच नव्हतं. सगळी साधी माणसं होती, आणि तरी माझा माणूस गेला.

चौदाव्या दिवशी ती राजापुढे उभी राहिली.

“महाराज, मला गाडी चालवायची आहे. गवताची नाही, माणसांची. सकाळी देवळात आरतीची घंटा झाली की टेकडीवरच्या पारापासून निघेन आणि बाजारात जाईन. दुपारी किल्ल्यावरचा नगारा झाला की पुन्हा एक फेरी. दिवेलागणीला बाजारातून परत. वाटेत हात करील त्याला घेईन.”

“आणि कोणी बसलंच नाही तर?”

“तर रिकामी जाईन.”

दरबारात हसू उसळलं. राजाही हसला, पण बाईच्या चेहऱ्याकडे पाहून सावरून बसला. “तुझ्या बैलांना सरकारी कुरणातला चारा मिळेल,” तो म्हणाला. “दिवाळीपर्यंत चालव. तोवर गाडी रिकामीच राहिली तर चारा बंद.”

ठकूबाईने गाडीवर बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर घातलं, दोन्ही बाजूंना बसायला फळ्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी घंटा होताच ती निघाली. गाडी रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही रिकामी होती. लोक आपापल्या गाड्यांतून तिला हाका मारायचे, “काय ठकूबाई, वाऱ्याला फिरायला नेताय का?”

ती म्हणायची, “वारा बसलाय. तुम्हीही या, जागा आहे.”

एकदा पंतोजींचा घोडा लंगडायला लागला, तेव्हा ते नाइलाजाने तिच्या गाडीत बसले. ठकूबाईला हायसं वाटलं. पण घोड्याचा पाय बरा झाला आणि पंतोजी पुन्हा आपल्या गाडीत जाऊन बसले. जाताना त्यांनी हात तेवढा केला.

मग ठकूबाईने दारोदार जाऊन विचारायला सुरुवात केली. “तुम्ही माझ्या गाडीत का येत नाही?”

पाराजवळ राहणारा सोनार म्हणाला, “ठकूबाई, तुमची गाडी चांगलीच आहे हो. पण उद्या तुमचा बैल बसला तर? परवा तुम्हाला ताप आला तर? मी दुकान उघडायचं कसं? माझी गाडी दारात उभी असते. म्हणेन तेव्हा निघते.”

बांगड्या विकणारी कासारीण म्हणाली, “सकाळी येईन गं मी तुझ्याबरोबर. पण संध्याकाळी परत न्यायला तू असशीलच कशावरून? टोपली डोक्यावर घेऊन एवढी चढण चढू का मी?”

ठकूबाई घरी आली आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली. लोकांना गाडीचा सोस आहे असं ती समजत होती. पण त्यांना सोस नव्हता, धास्ती होती. आपण घर सोडून निघू आणि मधेच कुठेतरी अडकून पडू, याची धास्ती. ती धास्ती बोलून जाणार नव्हती, हुकुमाने तर नाहीच.

“चला रे,” ती बैलांना म्हणाली, “आपण नुसतं जात राहू.”

ती जात राहिली. उन्हाळ्यात गेली, पावसाळ्यात घोंगडी पांघरून गेली. अंगात कणकण असली तरी गेली. दिवाळी जवळ आली. गाडीत कधीतरी एखादा वाटसरू असायचा, एरवी फळ्या मोकळ्याच. त्यात हौशाच्या खुराला जखम झाली आणि तो पाय ओढत चालू लागला.

अशात एका सकाळी ठकूबाई पाराशी गाडी घेऊन उभी असताना नगरशेठ धावत आले. त्यांच्या घरी लेकीचं लग्न होतं.

“ठकूबाई, आमच्या व्याह्यांची गाडी वेशीबाहेर मोडलीय. सगळी मंडळी रस्त्यात उभी आहेत. माझ्या साऱ्या गाड्या पाहुणे आणायला गेल्यात. तू चल लवकर.”

“शेठजी, आता घंटा होईल. बाजारात जाऊन येते आणि मग लगेच जाते त्यांना आणायला.”

“तोवर माझी अब्रू जाईल! आणि तुझ्या गाडीत आहे कोण? कोणीसुद्धा नाही!”

“खरं आहे. कोणी नाही.”

शेठजींनी हौशाच्या पायाकडे पाहिलं. ते म्हणाले, “माझ्या गोठ्यातली खिलारी जोडी तुला देऊन टाकतो. कायमची. आत्ता चल फक्त.”

ती पांढरीशुभ्र जोडी ठकूबाईने पाहिली होती. तशी जोडी असती तर चढणीची चिंताच मिटली असती. आणि एक फेरी चुकली तर विचारणार कोण होतं? गाडीची वाट पाहणारं कोणी नव्हतंच.

तेवढ्यात देवळात घंटा वाजली.

“शेठजी, राग मानू नका,” ती म्हणाली. “घंटा झाली की निघेन, असं मी सगळ्या नगराला सांगून बसलेय.” आणि तिने बैल हाकले.

शेठजी मागून काहीबाही बोलत राहिले. त्या दिवशी साऱ्या वाटेत एकाही माणसाने हात केला नाही. गाडी रिकामी गेली आणि रिकामीच परत आली. ठकूबाईने वाटेत डोळे पुसले की नाही, ते तिच्या बैलांनाच ठाऊक. परत आल्यावर ती तशीच वेशीकडे गेली, पण व्याही मंडळी केव्हाच कोणाच्या तरी गाडीतून आत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाराशी आली तर तिथे सोनार उभा होता.

“मी काल माडीवरून सगळं पाहिलं, ऐकलं,” तो म्हणाला. “रिकामी गाडी न्यायची म्हणून खिलारी जोडी सोडलीत तुम्ही. मग माझ्यासाठी तर याल.” आणि तो गाडीत चढला.

चढला खरा, पण भरवसा एका दिवसात बसत नाही. पहिले काही दिवस सोनाराचा गडी त्याची स्वतःची गाडी घेऊन मागे मागे यायचा, न जाणो लागलीच तर. लोक हसायचे. मग एका सकाळी सोनार गड्याला म्हणाला, “तू घरीच थांब आज.” त्या दिवशी पुलावरची एक गाडी कमी झाली.

पाठोपाठ कासारीण आली. पंतोजी आले, आणि या वेळी घोडा धडधाकट असताना आले. दिवाळीला राजाचा माणूस पाहायला आला तेव्हा फळ्यांवर दाटीवाटीने माणसं बसली होती. त्याने चारा चालू ठेवला.

आणि नेमका तेव्हा हौशा बसला. एका सकाळी पारापर्यंत आला आणि गुडघे टेकून जो बसला, तो उठेना. माणसं गाडीत बसलेली, घंटा व्हायची वेळ झालेली. ठकूबाईने हौशाला सोडवून पाराच्या सावलीत बांधलं. मग पदर खोचला, जुवाची मोकळी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सारंगला म्हणाली, “चल बाळा.”

“अहो, हे काय करताय!” सोनार खाली उडी मारून ओरडला. “थांबा! माझा बैल गोठ्यात नुसता रवंथ करतोय!” आणि तो दुकानदार माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, घराकडे पळत सुटला. घंटा होता होता तो बैल घेऊन आला.

मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की आपापले बैल आणि आपापल्या गाड्या घरी नुसत्याच उभ्या आहेत. कोणी बैल दिला, कोणी छकडा दिला, कोणी आपला गडी दिला. एकीच्या पाच गाड्या झाल्या. दिवसभर फेऱ्या सुरू झाल्या. नव्या गाडीवानांना ठकूबाई एकच गोष्ट बजावून सांगायची, “गाडी भरायची वाट पाहायची नाही. वेळ झाली की निघायचं.”

वर्ष सरता सरता पूल इतका मोकळा झाला की लोक पुन्हा चालायलासुद्धा लागले. नगरशेठ मात्र बराच काळ आपल्याच गाडीतून जात राहिले. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

राजाला वाटलं, या बाईचा सत्कार करावा. त्याने सकाळच्या दरबारात यायचं बोलावणं धाडलं. निरोप आला, “त्या वेळी माझी फेरी असते.” राजा म्हणाला, “बरं, मग मीच जातो.” पण पालखी, भालदार, चोपदार हे सगळं जमेतो उशीर झाला. राजा पाराशी पोचला तेव्हा गाडी उताराला लागून दिसेनाशी झाली होती.

पारावर पुढच्या गाडीसाठी दोन-तीन माणसं बसली होती. राजाला पाहून ती गडबडून उठली. राजाने पालखी परत पाठवली आणि तो त्यांच्यातच बसला. ऊन चढत होतं. एका म्हातारीने त्याला पदराने वारा घातला.

परत आल्यावर ठकूबाईने वाकून मुजरा केला. राजा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “काय हवं ते माग.”

ठकूबाईने पारावरच्या माणसांकडे पाहिलं. “महाराज, वाट बघणाऱ्यांना ऊन लागतं. इथे एक मांडव घालून द्या.”

राजा बराच वेळ हसत राहिला. मग गाडीच्या फळीला हात लावून त्याने विचारलं, “आत जागा आहे ना?”

तात्पर्य एवढंच: हुकूम केला की लोक पळवाट शोधतात, आणि भरवसा वाटला की आपणहून सवय सोडतात. तो भरवसा हवा असेल, तर सोबत कोणी नसतानाही ठरल्या वेळी निघावं लागतं.