वेशीबाहेरचा भाऊ

ज्या काळी राजे हुकूम सोडत आणि प्रधान ते निस्तरत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका नगरात एक प्रधान होता. साथीच्या वर्षी त्याने वेशीचे दरवाजे बंद करवले. नगर वाचलं, पण परगावाहून परतणारा त्याचा थोरला भाऊ बाहेर अडकला आणि तिथंच गेला. तेव्हापासून प्रधान भावजयीच्या घराची पायरी चढला नव्हता. कामाचा व्याप फार, असं तो सांगे. बारा वर्षं तो व्याप काही कमी झाला नाही.

एकदा नगरात एक म्हातारा चित्रकथी आला. देवळासमोर बसून तो एकेक चित्र पुढे धरी आणि गोष्ट गाऊन सांगे. गोष्ट साथीची. चित्रं अशी, की बघणाऱ्याला घास उतरू नये. लोक ढसाढसा रडत, आणि दुसऱ्या दिवशी जेवूनखाऊन पुन्हा हजर!

लोकांचं हे रडं बंद करा, असा महाराजांचा हुकूम सुटला. प्रधानाने शेजारीच विदूषकाचा खेळ लावला. वर लाडू फुकट. लोकांनी लाडू घेतले आणि ते खात खात चित्रकथ्यापुढे जाऊन बसले.

शेवटी प्रधान स्वतःच चित्रं जप्त करायला गेला.

"थांबा, सरकार," चित्रकथी म्हणाला. "मांडलेली चित्रांची पोथी अर्ध्यावर सोडायची आमच्यात रीत नाही. संपली की खुशाल न्या."

रीतीपुढे प्रधानाचंही चालेना. तो शेजारच्या चणेवालीवर घसरला, "काय गं, रडायला घरं नाहीत तुम्हाला?"

"आहेत की! पण घरी एकटीनं रडावं लागतं. इथं सोबत असते. शिवाय इथली गोष्ट संपते तरी."

तेवढ्यात पुढचं चित्र आलं. बंद वेस, आणि तिच्यावर बाहेरून टेकलेला एक हात.

प्रधानाने मान फिरवली, तर समोर भावजय. ती त्या हाताकडे टक लावून पाहत होती. मग त्यानेही पाहिलं. आणि नगराचा प्रधान धुळीत बसून रडला.

भावजय जवळ सरकली. "दार उघडलं असतं तर सगळेच गेले असते, भावजी. मला कळतं ते. पण एकदा तरी यायचं होतं."

"कुठल्या तोंडानं येऊ, वहिनी?"

"आहे त्याच. चला, जेवायला."

पोथी संपली. चित्रकथ्याने चित्रं पुढे केली.

"राहू द्या," प्रधान डोळे पुसत म्हणाला. "उद्या महाराजांना घेऊन येतो." आणि तो वहिनीच्या मागोमाग चालू लागला. विदूषकाला मात्र दुसरं गाव शोधावं लागलं.

तात्पर्य: जे दुःख एकट्याने बघवत नाही, ते चौघांत बसून बघावं, बघितलं की ते पेलतं.