सरांना काही पटेना

अगं ऐक ना, आत्ताच काय झालं ते. आमच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला तेजल तिसऱ्यांदा उशिरा आली. दबीर सरांचा नियम आहे, तीन उशीर झाले की परीक्षा बंद. आणि त्या सर्टिफिकेटशिवाय तिला हॉटेलच्या रिसेप्शनवर कोण घेणार?

सर म्हणाले, "काल शिकवलेला शब्द, प्लॉजिबल. खरं असो-नसो, ऐकून पटावं असं. तसं एक वाक्य सांग. पटलं तर दे परीक्षा."

"रिक्षा पंक्चर झाली, सर." खरंच झाली होती गं.

"पटलं नाही."

"पुलावर ट्रक आडवा झाला होता."

"पटलं नाही. आता शेवटचं." सर मिशीत हसत होते.

तेजलनं दप्तर खांद्यावरून काढलं आणि बाकावर ठेवलं. "सर, मी काहीही सांगितलं तरी तुम्ही 'पटलं नाही' असंच म्हणणार. हे तरी प्लॉजिबल आहे ना?"

आता सरांनी पटलं म्हणावं तर ती जिंकली. नाही म्हणावं तर अख्ख्या वर्गासमोर तिचंच वाक्य खरं ठरतंय.

सरांनी गुपचूप तिचं नाव परीक्षेच्या यादीत लिहिलं. मला सांग, त्यांच्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस?