दीपशाळेची फिर्याद

एका राज्यात राजवाड्याचे दिवे मंत्राने पेटत, आणि त्या दीपशाळेचा अधिकारी होता भैरवसेन. दिवे लावण्यात निपुण, माणसे विझवण्यात त्याहून. त्याने चारचौघांत कुणाचा पाणउतारा केला, की त्या माणसाची सावली बोटभर आखडे. सावली संपली, की माणूस दिसेनासा होई. सुलक्षणा अशीच नाहीशी झाली होती. ती दीपशाळेतच वाती वळी, पण तिचा आवाज आणि बांगड्यांची किणकिण तेवढी ऐकू येई. तिच्याशेजारी बसणाऱ्या हेमांगीची सावली आता घोट्यापाशी आली होती.

दाद मागायची तर राणीच्या मैनेपाशी. मैना तीन प्रश्न विचारी आणि उत्तरे भरसभेत बोलून दाखवी. गेले ते सगळे तिसऱ्या प्रश्नाला परतले होते. हेमांगीला वाटे, पाण्यात राहून माशाशी वैर कसे करावे? राणी हसली तर? सुलक्षणेने तिला समजावले, गप्प राहा, मीही गप्पच राहिले होते. ते ऐकले मात्र, हेमांगी उठली. बांगड्यांची किणकिण तिच्या मागोमाग आली.

सभेत भैरवसेन दारातच उभा होता, हसतमुख.

"कुणाविरुद्ध?" मैनेने विचारले. हेमांगीने नाव घेतले.

"काय केले?"

"लोकांदेखत अपमान."

"कोणत्या शब्दांत? जसेच्या तसे बोल."

इथेच सगळे परतत. ते शब्द स्वतःबद्दल स्वतःच्या तोंडाने उच्चारायचे, आणि मैना ते फिर्याद करणाऱ्याच्याच आवाजात दरबाराला ऐकवणार, असे सगळे धरून चालत. पण परतावे, तर दारात तो होताच. तिने डोळे मिटले.

"विझक्या वाती, तुझ्यापेक्षा काजळी बरी. तुला ठेवले ही माझी दया."

मैनेने चोच उघडली. आवाज निघाला तो भैरवसेनाचा. ज्याचे शब्द, त्याचाच आवाज, अशी त्या मैनेची जात; पण तिसरे उत्तर आजवर कुणी दिलेच नव्हते, मग ठाऊक कुणाला असणार?

राणी हसली नाही. तिने भैरवसेनाला राज्याबाहेर घालवले आणि त्याच्या शब्दांचा शाप तुटला. सावल्या लांबल्या. सुलक्षणा भरदरबारात उभी दिसली आणि लाजून चूर झाली.

दीपशाळा पूर्ववत चालू लागली. तरी पुढे कितीतरी दिवस बाहेर पावले वाजली, की हेमांगी वात खाली ठेवून दाराकडे बघे. मग सुलक्षणा सांगे, "अगं, तेलवाला आलाय," आणि दोघी पुन्हा वाती वळू लागत.