न आलेला आवाज

"मग या ग्रुपचं गाव का होत नाही, बाबा?"

हेमलताने फोन नूरशा फकिरांसमोर धरला.

धरणाच्या काठावर, टेकडीवर त्यांची झोपडी. खाली पाणी. पाण्याखाली कासारवेढे, हेमलताचं गाव. ते बुडालं तेव्हा ती परकरात होती. माणसं पांगली, कुणी सुरतेला, कुणी नाशकात. मोठी झाल्यावर तिने एकेकाला हुडकून फोनवरच्या ग्रुपमध्ये गोळा केलं. त्याचा तिला अभिमान होता.

"सगळे आहेत यात. जुना फोटो टाकला की बदामांचा पाऊस पडतो. कुणी आजारी आहे म्हणून लिहिलं, की लगेच उत्तरं. पण फोन खाली ठेवला, की..."

"की?"

"घर आणखीच रिकामं वाटतं."

फकिरांनी फोन हातात घेतला नाही.

"कुणी लिहिलं, की उत्तर येतं?"

"लगेच!"

"आणि कुणी लिहिलं नाही, की?"

हेमलता हसली. "लिहिलंच नाही, तर उत्तर कशाला येईल?"

फकीर पाण्याकडे बघत राहिले...

तिचं हसू हळूहळू विरलं.

द्वारकाकाकू. रोज सकाळी त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा ग्रुपवर. 'उठलात का गं पोरींनो?' गणपतीत येत होता. मग कधी थांबला? तिला आठवेना. थांबला हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने तिथेच फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"कोण?"

"काकू, मी हेमा. कासारवेढ्याची."



"हे गेले गं, हेमा. दसऱ्याच्या आधी."

"अगं काकू! कळवलं का नाहीस?"

"काय लिहू? सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं धाडली असती. वाटायचं, माझा आवाज आला नाही म्हणून कुणीतरी विचारेल. सकाळी फोन उशाशी घेऊन बसायचे..."

हेमलताने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"कुठे असतेस आता?"

"मनमाडला, लेकीकडे."

"मी येते. रविवारी येते."

"खरंच येशील?"

"येते काकू."

फोन ठेवून ती पदराने डोळे पुसत राहिली. फकिरांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. ती घटाघटा प्यायली, ताठ झाली.

"कळलं मला, बाबा. आता एकेकाला मीच फोन करणार. मीच जाणार सगळ्यांकडे. मी बांधते बघा गाव!"

फकिरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एकटीच बांधणार? रविवारी म्हातारीला एवढं विचार, पोरी... तुझा फोन वाजला, तेव्हा तिला आधी कुणाचा वाटला होता?"