तेरवळचा कडक पाव

थांबा, तो पाव स्वतः भरू नका. तुमचा पाव त्या शेजारच्या ताईंकडे द्या आणि त्यांचा तुम्ही भरा. तेरवळच्या फेस्ताला, म्हणजे आमच्या चर्चच्या जत्रेला, आपला पाव आपण भरायचा नसतो. आणि जरा दात सांभाळून, पाव कडक आहे.

सॉसेज-पाव तुम्ही आणखीही कुठे कुठे खाल्ला असेल. गोव्यात हेच लालभडक सॉसेज, ज्याला आम्ही चोरीस म्हणतो, कांद्यावर परतून देतात. कुणी त्यात बटाटा घालतं. मुंबईत त्याचा चुलतभाऊ हॉट डॉग मिळतो, लांब गोड पावात, पिवळ्या मोहरीच्या सॉसखाली गुदमरलेला. खुशाल खा, माझी ना नाही. पण एकाच भट्टीच्या पावात दोन चवींची चोरिसं हवी असतील, तर या खाडीच्या काठीच यावं लागतं. खालच्या वाडीचं चोरीस माडीच्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरतं, वरच्या वाडीचं कोकमाच्या सोलांत.

असं सांगतात की फार पूर्वी दोन्ही वाड्यांना पाव पुरवणारी भट्टी एकच होती, इथे उतारावर, मधोमध. ती पिदाद नावाच्या विधवेची, घरही तिचं तिथेच. पिदाद खालच्या वाडीची. तिची एकुलती एक लेक लुदविन वरच्या वाडीत, तिथला गावकार म्हणजे प्रमुख असलेल्या मिंगेलच्या घरी सून म्हणून दिली होती.

एका फेस्ताला वरच्या वाडीचं चोरीस खाऊन खालची माणसं आजारी पडली. यांनी उन्हात नीट न सुकवलेला माल मुद्दाम आपल्याला वाढला, असं खालच्या वाडीने ठरवलं. वरच्यांना तो घाव जिव्हारी लागला. झालं, बोलणं बंद, पाणी बंद. खालचा गावकार रेमेद याने वरच्यांना उताराखाली पाय ठेवायची बंदी केली, आणि मिंगेलने आपल्यांना उतरायची. दोघेही सारखेच हट्टी.

त्यात लुदविनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पिदादने रेमेदला विनवलं, मिंगेलला निरोप धाडला. दोघांनीही नाही म्हटलं. तेव्हा ती रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात उभी राहिली आणि लेकीचं नाव काढून म्हणाली, "माझा चेडू माझ्या उंबऱ्यार येना नाय, तोपर्यंत भट्टी पेटाची नाय. हेंका नाय आणि तेंकाही नाय."

पहिल्यांदा लोक हसले. मग तिच्याच वाडीतली माणसं समजूत घालायला आली. निदान आपल्यापुरता तरी पाव भाज, म्हणाली. ती बधली नाही. एका म्हातारीने तिला आठवण करून दिली की पावाचं आंबवण रोज ताजं पीठ घालून जगवावं लागतं. सासूने हातात दिलेलं ते आंबवण, भट्टी बंद राहिली तर मरून जाईल. पिदादला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! "मरांदे," ती म्हणाली, आणि आंबवणाच्या मडक्यावर झाकण ठेवलं. ती स्वतः पेजेवर राहू लागली. पोटच्या पोरीला कळा येतील त्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात, हे एवढंच तिच्या मनात रात्रंदिवस होतं.

पुढचं फेस्त उजाडलं. गावोगावचे पाहुणे आले. शहरातून होडीने मागवलेला पाव खाडीच्या पाण्याने भिजून लगदा झाला होता. दोन्ही वाड्यांच्या पत्रावळींवर नुसतं चोरीस, आणि यजमान माना खाली घालून बसलेले.

तेव्हा म्हणे मिंगेल उठला. चोरिसाची माळ गळ्यात घातली, दिवस भरत आलेल्या सुनेला पुढे घेतलं आणि उतार उतरू लागला. रेमेद वाटेत आडवा आला. पिदाद भट्टीतून पाव काढायचं लाकडी फावडं घेऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"पाव देतंय," ती म्हणाली, "पण आपलो पाव आपण भरूचो नाय. मिंगेलचो रेमेद भरतलो, रेमेदचो मिंगेल. विखाची भीती आसा, तर आताच काय ती दिसांदे."

मग तिने भट्टी पेटवली. सगळे तिथेच, एकाच उतारावर ताटकळत बसले. आंबवण केव्हाच मेलं होतं. पाव फुगला नाही, दगडासारखा निघाला. रेमेदने आपलं चोरीस मिंगेलच्या पावात भरलं, मिंगेलने त्याच्या. दोघांनी एकमेकांकडे बघत पहिला घास घेतला आणि चावत बसले. दोघांनाही काही झालं नाही.

लुदविन आईच्या उंबऱ्यावर टेकली. तिने पाव मोडायचा प्रयत्न केला, आणि तिला हसू फुटलं.

"माय, पाव कडक झालो गे."

पिदाद म्हणाली, "असांदे. तू इलंस ना."

त्यानंतर नवीन आंबवण सहज आणता आलं असतं. रोजच्या पावासाठी आणलंही. पण फेस्ताचा पाव पिदादने मरेपर्यंत तसाच भाजला, आणि तिच्यामागून बाकीच्यांनीही. अधूनमधून एखादा हुशार पाहुणा आम्हाला मऊ पाव करायची युक्ती शिकवतो. आम्ही मान डोलावतो.

आजही फेस्ताला लांबून माहेरी आलेली एखादी लेक पहिला घास घेते आणि पाव कडक आहे म्हणून कुरकुरते. तिची आई जवळ नसली, तर उतारावरची जी कुणी बाई ते ऐकते, वरची असो की खालची, तीच उत्तर देते, "असांदे. तू इलंस ना."