भागूबाईचा काढा

एका बाजारगावात धोंडिराम नावाचा तांबट राहत होता. हंडे-घागरी ठोकून ठोकून त्याचे कान मंद झाले होते, पण बायकोचं, भागूबाईचं कण्हणं त्याला बरोबर ऐकू येई. तिचे गुडघे फार दुखत. म्हणून त्यानं बाजारात बसणाऱ्या जडीबुटीवाल्याकडून कसलासा पाला आणला. रोज सकाळी स्वतः चुलीपुढं बसून तो तिला काढा करून देऊ लागला. जन्मभर तिनं आपल्याला रांधून घातलं, आता आपण तिचं करावं, असं त्याला वाटे. काढा कडूजहर होता. भागूबाई तोंड वाकडं न करता पिऊन टाकी.

पुढं गावात आरोग्य शिबिर भरलं. शेजारणींबरोबर भागूबाईनंही रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट आला, त्यात यकृताची एन्झाइमं थोडी वाढलेली निघाली. गुडघे सोडले तर तिला कसलाच त्रास नव्हता. आळीतलं कुणीतरी म्हणालं, "लिव्हर गेलं म्हणायचं." धोंडिरामनं ते ऐकलं आणि हातातलं काम तिथंच टाकलं.

दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी भागूबाईचं पोट तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "यकृताला कशाचा तरी त्रास झाला की ही एन्झाइमं नावाची द्रव्यं रक्तात जास्त उतरतात. तुमची थोडीच वाढलीत. यकृत गेलं असं मुळीच समजू नका. पण का वाढली ते शोधायला हवं. कधी वाढलेलं वजन असतं, कधी दारू, कधी कावीळ, कधी एखादं औषध. तुम्ही काय काय घेता, मावशी?"

"काही नाही," भागूबाई म्हणाली.

"काढा, चूर्ण, पाला?"

"नाही हो, बाई."

धोंडिरामनं तिच्याकडं पाहिलं. ती मान खाली घालून पदराच्या काठाशी चाळा करत होती. ती कुणासाठी खोटं बोलतेय ते त्याला उमगलं. गप्प बसणं सोपं होतं. इतक्या मायेनं दिलेल्या वस्तूवर आपणच बोट कसं ठेवायचं?

"मी देतो तिला काढा," तो म्हणाला. "पाला कसला आहे, ते मलाही ठाऊक नाही. माझ्याच हातून झालं असंल हे."

"काढ्यानंच झालं, असं आज मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तो आता बंद करा. बाकीच्या तपासण्या करू, काही आठवड्यांनी रक्त पुन्हा बघू. सांगितलंत ते फार बरं केलंत, काका."

बाहेर आल्यावर धोंडिरामनं विचारलं, "बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं जिवापाड करता. तुम्हाला लागलं असतं."

"लागलं असतं तर लागू द्यायचं होतंस. तुला काही झालं असतं, तर मी काय केलं असतं?"

भागूबाईनं डोळे पुसले आणि त्याचा हात धरला.

काढा बंद झाला. बाकीच्या तपासण्यांत काही निघालं नाही. पुढच्या वेळी रक्तातली वाढही उतरली होती. गुडघ्यांसाठी डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवला. भागूबाईला एकटीला लाज वाटते म्हणून धोंडिरामही रोज तिच्याशेजारी सतरंजीवर बसून पाय उचलू लागला. त्याचा पाय मधेच थरथरे, आणि ती खुदकन हसे.

तात्पर्य: तपासणीत थोडं कमीजास्त निघालं तर धीर सोडू नये, आणि वैद्यापासून काही लपवू नये, मग ते कितीही प्रेमानं दिलेलं का असेना.