नखुलीचे निळे काटेचेंडू

गच्चीला जिना. जिन्याखाली बीळ. बिळात नखुली उंदरी.
नखुली एवढीशी. नखाएवढी.

नखुलीने माळावरून फुलं आणली. तीन फुलं. गोल गोल, काटेरी, निळी निळी. त्यांचं नाव काटेचेंडू.
पूर्ण उमलायच्या आधीच तोडली. जिन्याखाली अंधारात उलटी टांगली. देठ वर, डोकं खाली.
वाळली की घरात मांडायची. वर्षभर निळी राहणार!

तेवढ्यात आल्या वेणूअक्का.
"अगं बाई! अंधारात का कधी काही वाळतं?"
फुलं उचलली. गच्चीवर नेली. बोरांच्या परातीत उन्हात ठेवली. परात उंच पिंपावर.
मग अक्का चटईवर बसल्या. हातात काठी. मांडीवर मनीमांजर.

नखुली आली. तुरुतुरु तुरुतुरु.
पिंपावर चढली. सर्रर्र! घसरली.
पुन्हा चढली. सर्रर्र! घसरली.

"अक्का अक्का, माझी फुलं द्या!"
"वाळू देत की. वाळवण म्हणजे ऊन!"
"बोराला ऊन. फुलाला अंधार. निळं उडून जाईल! द्या ना!"
"बरं बाई, देते. पण मांडीवर मनी आहे. मनी हलली तर मी उठेन."
"कधी?"
"ते मनीला विचार."

नखुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. लांबच उभी राहिली.
"मने मने, अक्का उठेना, फुलं मिळेनात! हलतेस का?"
मनीने एक डोळा उघडला.
"पाठ शेकतेय. तुला खायलासुद्धा उठणार नाही. सावली आली तर हलेन."

नखुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वर दोरीवर साडी होती.
"साडीबाई साडीबाई, मनी हलेना, अक्का उठेना, फुलं मिळेनात! सावली देता का?"
"कशी देऊ? माझी घडी चिमट्यात अडकलीय. चिमट्याने सोडलं तर देईन."

वर ऊन तापलं. परातीतलं एक फूल पांढरं पडलं.

नखुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"चिमटेदादा चिमटेदादा, साडी सावली देईना, मनी हलेना, अक्का उठेना, फुलं मिळेनात! सोडता का?"
"माझं काम धरायचं. सोडायचं नाही. कावळ्याने ओढलं तर सोडेन."

नखुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कावळा कठड्यावर बसला होता.
"कावळेदादा कावळेदादा, चिमटा सोडेना, साडी सावली देईना, मनी हलेना, अक्का उठेना, फुलं मिळेनात! ओढता का?"
"का का का? उपाशीपोटी ओढू का? एक बोर मिळालं तर ओढेन."
"परातीत आहेत की!"
"आणि अक्कांची काठी? ती तू खाणार का?"

नखुली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बोरीची एक फांदी गच्चीवर आली होती. फांदीला एक पिकलेलं बोर.
"बोरा बोरा, कावळा ओढेना, चिमटा सोडेना, साडी सावली देईना, मनी हलेना, अक्का उठेना, फुलं मिळेनात! पडतोस का?"
"मी तयार आहे गं. पण देठाने धरलंय. देठ तुटलं तर पडेन."

नखुलीने देठाकडे पाहिलं.
देठाला काही विचारलं नाही.
फांदीवर चढली. तोंड उघडलं.
कुरतुड कुरतुड. कुरतुड कुरतुड. कट्!

देठ तुटलं. बोर पडलं. टप्!
कावळ्याने बोर खाल्लं. मट्टमट्ट!
कावळ्याने चिमटा ओढला. खट्!
चिमट्याने साडी सोडली. साडी उलगडली. सळसळ सळसळ!
साडीने सावली दिली. गार गार!
मनी हलली. आळस दिला. म्याँव! दुसरं ऊन शोधायला गेली.
आणि अक्का उठल्या. "आई गं, पायाला मुंग्या आल्या!"

अक्कांनी परात खाली घेतली. आत पाहिलं.
दोन फुलं निळी. एक फूल पांढरं.
"अगं, खरंच की गं! ऊन निळं खातं वाटतं."
"मी सांगत होते," नखुली म्हणाली.
"सांगत होतीस खरी. घे तुझी फुलं. टांगायला हा दोराही घे."

नखुलीने फुलं घेतली. तिन्ही घेतली. जिन्याखाली अंधारात उलटी टांगली. देठ वर, डोकं खाली.
एक दिवस गेला. दोन दिवस गेले. दहा दिवस गेले.
फुलं वाळली. खडखडीत वाळली!

नखुलीने एक रिकामं रीळ आणलं. रिळाच्या भोकात फुलं उभी केली. मधे पांढरं. दोन्हीकडे निळी.

अक्का जिन्याखाली वाकल्या. एक डोळा बिळाला लावला.
"अगं बाई, किती गं निळी!"
"हळू बोला, अक्का," नखुली म्हणाली. "तुमच्या तोंडच्या वाऱ्याने विस्कटतील."
अक्कांनी तोंडावर हात ठेवला.
आणि नुसतं पाहत बसल्या.